आबा की बारक्या? टोकियोतल्या एका रान्चू शोची केस स्टडी

रान्चू ही गोल्डफिशची एक जात, आबा आणि बारक्या हे त्यातले दोन मासे. नावं बदलली आहेत, क्लब कुठला ते सांगत नाहीये, तारखाही मुद्दाम मोघम ठेवल्यात. ज्याची केस आहे त्याने वाचून हो म्हटलंय, फक्त "बायकोचे डायलॉग कमी कर" म्हणाला, ते मी केलेलं नाही.

पार्श्वभूमी

सुहास (खरं नाव नाही) आटपाडीकडचा, नोकरी आयटीत, राहायला टोकियोच्या एडोगावा वॉर्डात निशिकासाइला. २००० च्या आसपास आयटीच्या कामांसाठी भारतीय लोक इथे यायला लागले, तोझाइ लाइनने ओतेमाची थेट म्हणून इथेच राहिले, आता तर इडलीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. पण ह्याच एडोगावा वॉर्डाची दुसरी ओळख म्हणजे गोल्डफिश. नारामधलं यामातोकोरियामा, आइची प्रांतातलं यातोमी आणि हे एडोगावा, ही जपानातली गोल्डफिश पैदाशीची तीन जुनी नावाजलेली ठिकाणं. एडोगावातली बरीचशी तळी बिल्डिंगांखाली गेली तरी स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ग्योसेन पार्कात जुलैमधे गोल्डफिशची जत्रा भरते. मुलीला कागदाच्या जाळीने मासे पकडायचा खेळ खेळायचा होता म्हणून सुहास तिथे गेला आणि बाजूच्या टबांमधले रान्चू बघत ऊन उतरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

घरी आजोबांचे खिल्लार बैल होते, त्यामुळे जनावर उभं करायचं आणि चार जाणत्या माणसांनी भोवती फिरून शिंगं, पाठ, खूर, चाल बघायची हा प्रकार त्याला लहानपणापासून माहीत. इथे फक्त जनावर ओंजळीत मावणारं होतं. जत्रेतच एका वयस्कर पाळणाऱ्याशी ओळख झाली, पुढे तेच त्याचे शिशो म्हणजे गुरू झाले, त्यांच्या शिफारशीने क्लबात प्रवेश मिळाला. क्लब छोटा, बहुतेक मंडळी रिटायर्ड.

मग बाल्कनी गेली. ८० लिटरचे दोन उथळ टब आणि एक छोटा डबा. भरलेला एक टब म्हणजे पाण्याचंच ८० किलो वजन, शिवाय जपानी बिल्डिंगांमधे बाल्कनी आग लागली तर पळायचा रस्ता असते, शेजारच्या बाल्कनीमधलं पातळ पार्टिशन फोडून पलीकडे जायचं असतं, त्यामुळे त्याच्यापुढे काहीही ठेवता येत नाही. म्हणजे तिसरा मोठा टब ठेवायला जागाच नव्हती, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. बायकोचं म्हणणं, "कपडे कुठे वाळत घालू मग, माशांच्या डोक्यावर?"

जज नक्की काय बघतात

हे कळल्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोल्डफिश मुळात चीनमधून जपानात आला, पण आज आपण बघतो तो गाठीगाठींच्या डोक्याचा, पाठीवर पर नसलेला रान्चू घडला एडो काळाच्या शेवटी आणि मेइजी काळात (साधारण एकोणिसाव्या शतकात), टोकियोच्या इशिकावा घराण्याच्या हातून. त्या वेळी मासे काचेच्या टाकीत नसायचे, उघड्या टबात किंवा तळ्यात असायचे, म्हणजे बघायचे ते वरूनच. त्यामुळे जपानी रान्चू आजही वरूनच जज होतो. क्रॉफर्ड मार्केटात काचेच्या टाकीत जो रान्चू दिसतो, उंच कमानदार पाठीचा, तो बहुतेक थायलंडच्या पद्धतीचा, बाजूने बघायला तयार केलेला. तो जपानी शोमधे नेला तर लोक कौतुक करतील, पण नंबराचं नाव काढणार नाहीत.

शोच्या दिवशी मासा पांढऱ्या पसरट तसराळ्यात थोड्याशा पाण्यात सोडतात. जज वाकून किंवा उकिडवे बसून वरून बघतात. डोक्यात डोळ्यांमधली रुंदी आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंतचं अंतर, दोन्ही भरपूर पाहिजे, पुढून डोकं चौकोनी दिसलं पाहिजे, त्यावरची मांसल वाढ (आपल्याकडचे लोक वेन म्हणतात) दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे. पाठ रुंद आणि खड्डा-उंचवटा नसलेली. पाठीकडून शेपटीकडे जाणारा बुंधा जाड, कारण बुंधा बारीक असला की मोठं डोकं वाहणारा मासा बेडकाच्या पिल्लासारखा दिसतो. मग शेपटी. नवशिके डोक्यावर भाळतात आणि नंबर शेपटीवर जातात, हे सुहासला सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि त्याने वहीत लिहूनही घेतलं होतं. शेपटी मासा थांबला की पूर्ण उघडली पाहिजे, पोहायला लागला की किंचित मिटली पाहिजे आणि परत थांबला की परत उघडली पाहिजे. कडा वळलेली नको, डावी-उजवी बाजू कमीजास्त नको.

आणि शेवटी पोहणं. वाकडा चालणारा, वळताना कलंडणारा, तसराळ्याच्या कडेला तोंड लावून उभा राहणारा मासा बाकी कितीही देखणा असला तरी मागे पडतो.

मार्क नसतात. दहापैकी सात वगैरे काही नाही. मासे शेजारी शेजारी ठेवून हा वर, तो खाली असं करत क्रम लागतो आणि त्या क्रमाची सुमोसारखी बांझुके म्हणजे क्रमवारी लागते. पहिला पूर्वेचा ओझेकी, दुसरा पश्चिमेचा ओझेकी, तिसरा ताते-ग्योजी, मग पूर्वेचा आणि पश्चिमेचा तोरिशिमारी, हे पाच मानाचे मासे, त्याखाली बाकीचे, अगदी खाली माएगाशिरा. योकोझुना (आजच्या सुमोतला सगळ्यात वरचा हुद्दा) का नाही असं मी विचारलं होतं, तर जुन्या सुमो क्रमवारीत ओझेकी हाच सगळ्यात वरचा, तीच पद्धत इथे राहिली. गट वयाप्रमाणे: त्याच वर्षी जन्मलेला तोसाइ, दुसऱ्या वर्षाचा निसाइ, त्यापुढचा ओया. वय मोजायची पद्धत जुनी, म्हणजे एप्रिलमधे जन्मलेलं पिल्लू १ जानेवारीला निसाइ होतं. देशपातळीवरचा सगळ्यात मोठा शो ३ नोव्हेंबरला, संस्कृती दिनाच्या सुट्टीला असतो. सुहासच्या क्लबचा शो त्याच्या जरा आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, आणि त्याआधी सप्टेंबरमधे केनक्युकाइ म्हणजे सरावाचा शो.

अडचण

शिशोंनी वसंतात त्याला छोटी पिल्लं दिली. मग निवड. रान्चूच्या एका वेळच्या अंड्यांतून हजारो पिल्लं निघू शकतात आणि त्यातली बहुतेक काढून टाकावी लागतात, पहिली चाळणी साधारण दोन आठवड्यांची असतानाच, शेपटी बघून. पिल्लं आधी काळपट असतात, मग उन्हाळ्यात काळं जाऊन पट्ट्यापट्ट्यांनी केशरी यायला लागतं, तोवर रंगाचा भरवसा नाही. ऑगस्टपर्यंत सुहासकडे सहा मासे उरले आणि त्यातले दोनच शोच्या लायकीचे.

एक आबा. लालभडक, डोकं असं की क्लबातले म्हातारेसुद्धा थांबून बघायचे. खायला पुढे, वाढीला पुढे. पण ऑगस्टच्या मध्यात त्याच्या शेपटीच्या डाव्या टोकाची कड आत वळायला लागली, अगदी थोडी, चपातीची कड तव्यावर उचलली जाते ना तेवढी. टबात, खोल पाण्यात, हिरवट पाण्याच्या आड ते दिसतही नव्हतं.

दुसरा बारक्या. लाल-पांढरा, आबापेक्षा बोटभर कमी, डोकं जेमतेम. पण वरून बघितलं तर नाकापासून शेपटीपर्यंत रेघ मारल्यासारखा सरळ आणि थांबला की शेपटी पंख्यासारखी उघडायची.

क्लबचा त्या वर्षीचा नियम असा की नवीन सभासदाची तोसाइ गटात एकच एंट्री. आणि टब दोनच. म्हणजे शोला कोण एवढाच प्रश्न नव्हता, पुढचे दोन महिने जास्त जागा, जास्त ब्लडवर्म (माशांना खायला घालायच्या लाल अळ्या) आणि ताजं पाणी कोणाला, हाही होता.

विचारात घेतलेले पर्याय

आबाला न्यायचं. सुहासचा कल तिकडेच होता. त्याचा हिशोब असा की शेपटीचा दोष एका टोकाचा, डोकं मात्र सगळ्या मैदानात एक नंबर, जज काहीतरी एक दुसऱ्यात वळतं करून घेतील. हा हिशोब मार्कांच्या स्पर्धेत चालतो. जिथे मासे शेजारी ठेवून आधी दोषवाले बाजूला काढतात तिथे तुमचा गुण बघायची पाळीच येत नाही. मला वाटतं आपल्या परीक्षांची सवय इथे नडते, एका विषयात कमी पडले तर दुसऱ्यात भरून काढू.

बारक्याला न्यायचं आणि दोन महिन्यांत खाऊ घालून मोठं करायचं. ह्यात धोका हा की भराभर वाढवलेल्या माशाची शेपटीच आधी बिघडते, निदान शिशोंचं तसं ठाम मत. आबाची शेपटी त्यामुळेच गेली असं ते म्हणायचे, "पोट पुढे धावलं, शेपूट मागे राहिलं."

तिसरा पर्याय कात्री. आबाच्या शेपटीची वळलेली कड कापायची, पर पुन्हा वाढतो, सरळ वाढला तर वाढला. हे करणारे लोक आहेत. सुहासने चाचपडत विचारलं तेव्हा शिशो म्हणाले, "सुहास-सान, तुमच्या टबात काय करायचं ते करा. क्लबात आणू नका." गंमत म्हणजे आइची प्रांतातला जिकिन नावाचा गोल्डफिश, जो तिथला प्रांतीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर आहे, त्याचं अंग पांढरं आणि तोंड, कल्ल्यांची झाकणं, पर तेवढे लाल दिसावेत म्हणून लहानपणी नको तिथले लाल खवले हाताने काढायची रीतच आहे आणि ती तिथे कला मानली जाते. म्हणजे माशाला हात लावणं चूक की बरोबर ह्याला सगळीकडे एकच उत्तर नाही, ज्या फडात उतरलात त्याचं उत्तर तेच तुमचं. सुहासने कात्री बाजूला ठेवली.

चौथा पर्याय, ह्या वर्षी शोला जायचंच नाही, दोघांना निसाइ म्हणून पुढच्या वर्षी न्यायचं. हा बायकोने सुचवलेला, कारण निशिकासाइचा दिवाळी मेळा आणि शो जवळपास येत होते. तो फार विचार न करता उडवून लावला गेला.

काय केलं

केनक्युकाइला दोघांनाही न्यायचं असं ठरलं, सरावाला एंट्रीची अट नव्हती. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं, म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही, आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या डब्यात घालून गेलो. मीही गेलो होतो, डबा धरायला.

आबा पांढऱ्या तसराळ्यात उतरला आणि चित्रच बदललं. टबात जो राजासारखा फिरायचा तो इथे कडेला तोंड लावून उभा. जजने बोटाने मागून पाणी हलकेच ढकललं, तो निघाला, वळला, वळताना डाव्या बाजूला किंचित झुकला आणि ती वळलेली कड आता पांढऱ्या तळावर सरळ सावली पाडत होती, लपायला जागाच नव्हती. जजने शेजारच्याकडे बघून फक्त मान हलवली. पहिल्याच फेरीत बाजूला. बारक्या मात्र दोन-तीन फेऱ्या टिकला, मग त्याच्याहून भरलेल्या माशांपुढे मागे पडला. एक जज नंतर येऊन सुहासला म्हणाले की ह्याला घाई करू नका, आहे तसा आणा.

तेवढ्यावर प्रश्न सुटला होता. बारक्याला न्यायचं, फार भरवायचं नाही. पण निघताना एका सभासदाने प्रेमाने त्याला एक मासा दिला, चांगला तोसाइ, पुढे जोडीला उपयोगी पडेल म्हणून. जपानात दिलेली भेट नाही म्हणणं अवघड. घरी आल्यावर तो ठेवायचा कुठे? छोटा डबा त्या वेळी खराब झालेल्या पाण्याने भरलेला, तिसरा टब नाही. रात्र झालेली. त्याने तो आबाच्या टबात सोडला.

आठवडाभर काही नाही. मग हवा बदलली, रात्री गार व्हायला लागलं, पाणी २२ अंशांवर आलं. एका सकाळी आबाच्या टबातला एक मासा तळाशी मेलेला, अंगावर ओरखडा नाही, खवला निघालेला नाही. दुसऱ्या दिवशी अजून एक. आलेला पाहुणा मात्र एकदम ठणठणीत, खायला पुढे. सुहासने शिशोंना फोन केला, त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कल्ले कुठल्या रंगाचे?" त्याने मेलेल्या माशाचं झाकण उचलून बघितलं. लाल पाहिजेत ते फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरट.

हा गोल्डफिशचा हर्पिस. सिप्रिनिड हर्पिसव्हायरस २ असं त्याचं नाव, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा जपानमधेच लक्षात आला. रक्त तयार करणाऱ्या भागांवर हल्ला करतो, म्हणून कल्ले पांढरे पडतात. साधारण १५ ते २५ अंशांच्या पाण्यात जोर करतो, म्हणजे बरोब्बर वसंत आणि शोचा मोसम. औषध नाही. एकच उपाय सगळे करतात तो म्हणजे पाणी हळूहळू तापवून ३३-३४ अंशांवर चार-पाच दिवस ठेवायचं, तिथे विषाणूची वाढ थांबते आणि माशाला प्रतिकार उभारायला वेळ मिळतो. जो वाचतो त्याला पुढे हा आजार सहसा होत नाही, पण त्याच्या अंगात विषाणू राहू शकतो. पाहुणा तसा वाचलेला असणार, पूर्वी कधीतरी. देणाऱ्याला कल्पनाही नसेल.

इथे खरा निर्णयाचा पेच होता. आबाचा टब तापवायचाच, त्यात प्रश्न नाही. बारक्याच्या टबाचं काय? त्या टबात अजून काही झालेलं नव्हतं, पण पाणी उपसायची नळी आणि जाळी दोन्ही टबांना एकच. लागण झाली असेल आणि तापवलं नाही तर मासा जाणार. लागण नसेल आणि तापवलं तर नुसता गरम पाण्यात उपाशी ठेवला, अंग उतरलं, आणि प्रतिकारशक्तीही मिळाली नाही कारण विषाणूशी गाठच पडली नाही. थांबून बघायचं तर ह्या रोगात थांबायला वेळ नसतो. शिशो म्हणाले दोन्ही तापव. सुहासने अर्धा दिवस घोळ घातला आणि मग दोन्ही तापवले.

सांगायला सोपं आहे. तिथले नेहमीचे ऑटो हीटर २६ अंशांना फिक्स असतात, ३३ पर्यंत जाणारा थर्मोस्टॅट वेगळा घ्यावा लागतो, उघड्या बाल्कनीत ८० लिटर पाणी रात्री गरम ठेवायचं म्हणजे वर बबल रॅप आणि थर्मोकोल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी म्हणून एअर स्टोन वाढवले, खाणं पूर्ण बंद, कारण गरम पाण्यात अमोनिया जास्त जाचतो. क्लोरीन काढायला हायपो घालून, आधीच त्याच तापमानाला आणलेलं पाणी रोज थोडं थोडं बदललं. बायकोने ह्या काळात एक शब्द काढला नाही, उलट ऑफिसच्या वेळात थर्मामीटरचे फोटो तीच पाठवत होती.

आबा वाचला, बारक्या वाचला, पाहुणा तर वाचणारच होता. आबाचे टबातले दोन्ही सोबती गेले ते गेलेच, बारक्याच्या टबात मात्र कोणीही दगावलं नाही. त्यामुळे बारक्याला लागण झाली होती की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शोला जायचं की नाही

शो तीन आठवड्यांवर. बारक्या खांद्यात उतरला होता, पण शेपटी शाबूत, पोहणं शाबूत. आणि कुणालाच काही माहीत नव्हतं, शिशो सोडून.

शोमधे मासे जवळजवळ ठेवतात, तेच हात, त्याच जाळ्या, पाणी इकडचं तिकडे होतच राहतं. बारक्या वाहक असेल तर ज्यांच्या माशांची ह्या विषाणूशी कधी गाठ पडली नाही ते पुढच्या आठवड्यात आपल्या टबात मेलेले मासे बघतील. दुसरी बाजूही आहे, आणि ती क्लबातल्या एकाने सुहासला सांगितली, की जुन्या पाळणाऱ्यांचे बरेचसे मासे ह्यातून गेलेलेच असतात, काहीजण तर उन्हाळ्यात मुद्दाम वाचलेल्या माशासोबत ठेवून, तापवून, पक्के करून घेतात, मग तुझ्या एकाच माशाचं काय एवढं. ह्यात तथ्य आहे. आणि तरीही क्लबात नवीन लोक होते, ज्यांचे मासे पक्के केलेले नव्हते, सुहासचे नव्हते तसेच.

शिशो म्हणाले, "मी असतो तर नेला नसता. तुम्ही नेलात तर मी बोलणार नाही."

सुहासने सेक्रेटरींना फोन केला आणि सगळं सांगितलं, मासा कोणी दिला ते सोडून. क्लबाचा ह्याबाबत लेखी नियम नव्हता, सेक्रेटरींनी आभार मानले आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. त्याने एंट्री मागे घेतली.

शोच्या दिवशी तो घरच्या टबांपैकी कशालाही हात न लावता, धुतलेले कपडे घालून, शोच्या कामाला गेला. तसराळी भरायची, नंबर लावायचे, पाणी वाहायचं. आणि त्यामुळे जजच्या मागे उभं राहून सबंध निवड बघायला मिळाली, एंट्रीवाल्यांना दोरीपलीकडून बघावं लागतं. पूर्वेचा ओझेकी आणि पश्चिमेचा ओझेकी ह्यांच्यात जज बराच वेळ अडकले होते. एकाचं डोकं सरस होतं. दुसरा थांबायचा तेव्हा शेपटी एका दमात उघडायची. दुसरा वर गेला. सुहासने मला त्या रात्री फोन करून हे तीनदा सांगितलं.

पुढे काय झालं

हिवाळ्यात मासे गारठून बसले, १ जानेवारीला दोघेही निसाइ झाले. वसंतात आबाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके उठले, म्हणजे नर. इथे पुन्हा एक निर्णय होता: दोषी शेपटीचा नर पैदाशीला वापरायचा का? शिशोंनी आपली एक मादी दिली, तिचं डोकं साधं पण शेपटी पक्की, आणि तिच्या घरचे मासे आधीच ह्या रोगातून गेलेले असल्याने ती चिंता नव्हती. पिल्लांमधे डोकी चांगली निघाली, शेपटीची वळलेली कडही काहींमधे निघाली. ती लहानपणी दिसत नाही, उन्हाळ्यात दिसते, म्हणजे तोवर सगळ्यांना पोसावं लागतं आणि बाल्कनीत जागा तेवढीच. ह्या वर्षी आबाला पुन्हा वापरायचा का ह्यावर गुरु-शिष्यांचं अजून एकमत नाही.

बारक्या त्या शरद ऋतूत निसाइ गटात उतरला, दरम्यान क्लबाने नवीन सभासदांना त्यांचे मासे आजारातून गेलेत की नाही हे एंट्रीच्या वेळी विचारायला सुरुवात केली होती. माएगाशिरात आला, बराच खाली. बांझुकेवर नाव छापून आलं, ती फ्रेम करून आटपाडीला पाठवली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे पांढरं तसराळं. ते जुलैमधेच विकत घेऊन दर आठवड्याला पाच मिनिटं प्रत्येक मासा त्यात सोडून वरून व्हिडिओ काढला असता, तर आबाचा निकाल सप्टेंबरच्या आत घरच्या घरी लागला असता आणि ब्लडवर्मही वाचले असते. माशालाही तसराळ्याची सवय होते, कडेला तोंड लावून उभं राहणं बरंचसं भीतीने असतं. आबाचं झुकणं त्याने गेलं असतं असं मला वाटत नाही, पण उभं राहणं कदाचित गेलं असतं.

छोटा डबा कायम रिकामा, स्वच्छ आणि पाणी भरून तयार पाहिजे, त्याची जाळी वेगळी, नळी वेगळी. बाल्कनीवाल्यांना हे जड जातं कारण रिकामा डबा बघवत नाही, त्यात अजून दोन मासे बसले असते असं वाटत राहतं. पण शोला किंवा सरावाला जायचं असेल तर तो डबा शोच्या फीसारखाच धरायचा. नाहीतर भेट घेताना सरळ सांगायचं की पुढच्या महिन्यात घेऊन जातो, तोवर आपल्याकडे राहू द्या. जपानी माणूस ह्याने नाराज होत नाही, उलट ह्याला मासे कळतात असं म्हणतो.

दोन्ही टब तापवण्याबद्दल माझं आणि सुहासचं जमत नाही. तो म्हणतो बरोबर होतं. मला वाटतं बारक्याच्या टबात दोन दिवस थांबता आलं असतं, हीटर लावून, २६ वर आणून, कल्ल्यांचा रंग बघत, आणि लक्षण दिसताच वर नेता आलं असतं. शिशोंना विचारलं तर ते म्हणतात, तुमच्याकडे असलेला एकमेव चांगला मासा त्यात होता, दोन दिवस थांबायला काळीज लागतं.

आणि देणाऱ्या सभासदाचं नाव. सुहासने ते सेक्रेटरींना सांगितलं नाही, थेट त्या माणसालाही आजवर सांगितलेलं नाही, भेट दिलेल्याला असं सांगणं अपमान होईल म्हणून. मला हे पटत नाही. तो माणूस अजूनही लोकांना प्रेमाने मासे वाटतोय. ह्या सप्टेंबरच्या केनक्युकाइआधी शिशोंनी त्याच्याशी बोलायचं असं आता ठरलंय.